व्हिडिओ एडिटिंगसाठी लॅपटॉप: निवड, पारख आणि देखभाल

लॅपटॉप घेताना बहुतेक जण प्रोसेसरचे नाव आणि किंमत यांचीच तुलना करतात. व्हिडिओ एडिटिंगसाठी यंत्र घ्यायचे असेल, तर त्याआधी आपल्या टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप जुळवण्याच्या पट्टीवर, रोज कोणत्या फाइल येणार आहेत हे पाहावे लागते. लग्नाचे शूटिंग करणारा, यूट्यूबसाठी मुलाखती जुळवणारा आणि फोनवरच्या चित्रणाच्या रील करणारा, या तिघांच्याही फाइलवर ‘४के’ लिहिलेले असते. पण त्या फाइल उलगडताना संगणकाला पडणारे कष्ट अगदी वेगवेगळे असतात. हा लेख मुख्यतः महाराष्ट्रातील लहान स्टुडिओ आणि एकट्याने काम करणारे एडिटर यांच्यासाठी आहे.

त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. काम कायम एकाच टेबलावर होणार असेल, तर तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप अधिक वेगवान मिळतो, कमी तापतो आणि पुढे त्यात भाग बदलणेही सोपे जाते. मंगल कार्यालयातच ‘सेम डे एडिट’ करून रिसेप्शनला दाखवावे लागते, बाहेरगावच्या चित्रीकरणात रात्री कार्ड रिकामी करावी लागतात किंवा घरात टेबलाला जागाच नाही, अशांनी लॅपटॉपचा विचार करावा.

आधी फाइल तपासावी

आपल्या कॅमेऱ्यातील आणि फोनमधील एकेक नमुना फाइल ‘मीडियाइन्फो’ या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये उघडावी आणि चार गोष्टी टिपून घ्याव्यात: कोडेक (चित्रण दाबून साठवण्याची पद्धत), बिट डेप्थ (रंगछटांची बारकाई, जसे ८-बिट किंवा १०-बिट), क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची किती माहिती साठवली, जसे ४:२:० किंवा ४:२:२) आणि बिटरेट (दर सेकंदाचा डेटा). एच.२६४ आणि एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, या दोन्ही कोडेकमध्ये बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात. शेजारच्या फ्रेमपासून काय बदलले एवढेच लिहिलेले असते. त्यामुळे एडिटर टाइमलाइनवर मागे-पुढे सरकतो तेव्हा एक फ्रेम दाखवण्यासाठी संगणकाला आजूबाजूच्या अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात. हे काम चिपमधील खास डिकोडरने केले तर टाइमलाइन अलगद चालते. प्रोसेसरच्या गळ्यात पडले तर महागडे यंत्रही अडखळते.

यातली मेख १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी या प्रकारात आहे. सोनी आणि कॅननच्या अलीकडच्या अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत लॉग प्रोफाइल (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून मुद्दाम फिके ठेवलेले चित्रण) वापरताना हेच चित्रण मिळते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स आणि ॲपलच्या एम मालिकेच्या चिप हा प्रकार हार्डवेअरमध्ये उलगडतात. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत मात्र ही सोय २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासूनच मिळाली. त्यामुळे आरटीएक्स ४० मालिकेचे दमदार कार्ड आणि त्याच्या जोडीला एएमडीचा प्रोसेसर असलेला गेमिंग लॅपटॉप अशा फाइलवर अडखळतो आणि त्याहून स्वस्त इंटेल यंत्र सहज चालते, असा प्रकार घडू शकतो. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये केवळ स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड चालू ठेवण्याची सोय असते. ती निवडल्यास इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स बंद होते आणि त्यातला डिकोडरही हाताशी राहत नाही. एडिटिंग करताना दोन्ही ग्राफिक्स चालू ठेवणारा हायब्रिड मोडच ठेवावा.

फोनवरील चित्रण आणि साध्या ८-बिट ४:२:० फाइलचा प्रश्न सोपा आहे. गेल्या पाच-सहा वर्षांतले कोणतेही बरे यंत्र त्या पेलते.

सॉफ्टवेअरही याच वेळी ठरवावे. संगणकांपैकी फायनल कट प्रो केवळ मॅकवर चालते. डाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती अल्ट्रा एचडी आणि ६० फ्रेमपर्यंत निर्यात करू देते, परंतु हार्डवेअर डिकोडिंगच्या आणि नॉइज रिडक्शनसारख्या (चित्रातले दाणे कमी करणाऱ्या) काही सोयी सशुल्क स्टुडिओ आवृत्तीसाठी राखीव आहेत. स्टुडिओचे पैसे एकदाच भरावे लागतात, प्रीमियर प्रोचे भाडे चालूच राहते. तीन वर्षांचा हिशेब मांडला की हा फरक लॅपटॉपच्या अंदाजपत्रकात ठळकपणे दिसतो. लिनक्सवर रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती एच.२६४ फाइल उघडत नाही, हेही त्या वाटेने जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स: नावापेक्षा अक्षरे आणि वॅट पाहावेत

‘आय-सेव्हन आहे’ किंवा ‘रायझेन सेव्हन आहे’ एवढे सांगून दुकानदार थांबत असेल, तर पूर्ण क्रमांक विचारावा. इंटेलच्या क्रमांकाच्या शेवटी ‘यू’ असेल तर ती चिप साधारण १५ वॅटच्या पातळ यंत्रांसाठी असते. ‘एच’ म्हणजे ४५ वॅटचा वर्ग, आणि ‘एचएक्स’ त्याहून जड यंत्रांसाठी. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा अंक चिपची अंतर्गत रचना सांगतो: ७५२०यू ही झेन २, ७७३०यू ही झेन ३ आणि ७८४०एचएस ही झेन ४ रचनेची चिप आहे. नावात ७००० असले तरी पहिल्या चिपचा गाभा २०१९ मध्ये आलेल्या रचनेचा आहे. केवळ मालिकेच्या क्रमांकावर विसंबणारा ग्राहक इथेच फसतो.

ग्राफिक्स कार्डाचेही तसेच आहे. लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०६० ला एनव्हिडियाने ३५ ते ११५ वॅटपर्यंत वीज देण्याची मुभा ठेवली आहे. त्यामुळे नाव तेच असूनही दोन यंत्रांच्या वेगात मोठी तफावत राहते. कंपनीच्या तपशीलपत्रकात ‘टीजीपी’ या नावाखाली हा आकडा असतो. तो नसेल तर त्याच मॉडेलची चाचणी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ग्राफिक्स मेमरी ४के कामासाठी निदान ६ आणि शक्यतो ८ जीबी असावी, कारण रिझॉल्व्हमध्ये नॉइज रिडक्शन किंवा फ्यूजन या त्यातल्या विभागाचे दृश्य परिणाम चढवताच ‘जीपीयू मेमरी फुल’ हा संदेश ४ जीबीच्या कार्डावर लवकर येतो. कट, संगीत, टायटल आणि थोडी रंगदुरुस्ती एवढेच काम असेल, तर स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाशिवायही भागते. ते पैसे रॅम आणि एसएसडीत घालावेत.

मॅकच्या बाबतीत निवड तुलनेने सोपी, पण चुकली तर दुरुस्त न होणारी असते. मॅकबुक एअरमध्ये पंखा नाही. छोट्या क्लिपसाठी ते उत्तम चालते, पण तास-दोन तासांची निर्यात सलग चालू राहिली की तापून वेग कमी करते. लग्नाची पूर्ण फिल्म करणाऱ्याने पंखा असलेले मॅकबुक प्रो घ्यावे, आणि नवे परवडत नसेल तर एक-दोन पिढ्या जुने प्रो हे नव्या एअरपेक्षा बरे. रॅम आणि एसएसडी दोन्ही नंतर वाढवता येत नाहीत, म्हणून खरेदीच्या वेळीच पुढच्या चार वर्षांचा विचार करावा लागतो.

रॅम

ॲडोबीची प्रीमियर प्रोसाठीची शिफारस स्पष्ट आहे: एचडीसाठी १६ जीबी, ४के आणि त्यापुढे ३२ जीबी किंवा अधिक. अनेक विंडोज लॅपटॉपमध्ये १६ जीबीची एकच पट्टी बसवलेली असते आणि दुसरा स्लॉट रिकामा असतो. तिथे दुसरी पट्टी घातली की क्षमता वाढते आणि मेमरी दोन मार्गांनी चालू लागते; अंगभूत ग्राफिक्सवर काम करणाऱ्याला तो फरक जाणवतो. पातळ यंत्रांत रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, त्यामुळे स्लॉट किती आहेत आणि यंत्र उघडून पट्टी घातल्यास वॉरंटी राहते का, हे दुकानदाराकडून लेखी घ्यावे.

साठवण: इथे घाई करू नये

हिशेब करून पाहावा. सेकंदाला १०० मेगाबिट या बिटरेटचे ४के चित्रण तासाला ४५ जीबी जागा घेते. हळद, लग्न आणि रिसेप्शन मिळून दोन कॅमेऱ्यांचे आठ तासांचे चित्रण झाले तर ३६० जीबी भरतात. त्यात प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती), कॅशे (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइल) आणि निर्यात केलेल्या फाइल धरल्या की एकाच लग्नासाठी ५०० जीबी अपुरे पडतात. लग्नसराईत अशी तीन-चार कामे एकाच वेळी अंगावर असतात. म्हणून लॅपटॉपमध्ये १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, चालू कामांसाठी बाहेरची १ किंवा २ टीबी एसएसडी आणि संपलेल्या कामांसाठी हार्ड डिस्क, अशी तीन ठिकाणांची विभागणी सुरुवातीपासून ठरवावी. एकूण अंदाजपत्रकातला पाचवा हिस्सा या बाहेरच्या डिस्कसाठी बाजूला काढून ठेवणे शहाणपणाचे ठरते. सगळे पैसे यंत्रात घालून चित्रण पेन ड्राइव्हवर ठेवणारे स्टुडिओ काही कमी नाहीत.

वेगाचे आकडे असे आहेत: लॅपटॉपच्या आकाराची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १४० एमबी वाचते, साटा एसएसडी सुमारे ५५० एमबी आणि एनव्हीएमई एसएसडी ३,५०० एमबी किंवा त्याहून अधिक. दोन कॅमेऱ्यांच्या मल्टिकॅमला लागणारा नुसता डेटा हार्ड डिस्कसुद्धा पुरवते. अडचण येते ती एकाच वेळी अनेक ठिकाणची माहिती मागितली जाते तेव्हा. म्हणून हार्ड डिस्कवरून थेट एडिटिंग करू नये. बाहेरची एसएसडी निदान १० गिगाबिटच्या यूएसबी पोर्टला आणि तिच्या सोबत आलेल्या केबलनेच जोडावी. फोन चार्ज करण्याच्या बऱ्याच टाइप-सी केबल आतून यूएसबी २.० च्या असतात, आणि मग महागडी एसएसडी सेकंदाला चाळीस एमबीच्या पुढे जात नाही. ऑनलाइन बाजारात अतिस्वस्त मिळणाऱ्या, कंपनीचे नाव नसलेल्या ‘१६ टीबी’ एसएसडींकडे पाहूही नये. त्या खोटी क्षमता दाखवतात आणि ठरावीक जागेनंतर आधीच्या फाइलवरच नव्या लिहितात.

एसएसडी सतत लिहून झिजेल ही भीती मात्र अनाठायी आहे. चांगल्या १ टीबी एसएसडीची लेखनक्षमता साधारण ६०० टीबी सांगितलेली असते. रोज १०० जीबी लिहिले तरी हा आकडा गाठायला सोळा वर्षे लागतील. एसएसडी मंदावते ती काठोकाठ भरल्यामुळे, त्यामुळे पंधरा-वीस टक्के जागा नेहमी मोकळी ठेवावी.

पडदा

स्वस्त लॅपटॉपच्या तपशिलात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले आढळले, तर तो पडदा एसआरजीबी या प्रमाणित रंगपटाचे जेमतेम दोन-तृतीयांश रंग दाखवतो असे समजावे. अशा पडद्यावर नवरीचा शालू फिका दिसतो, एडिटर रंग वाढवतो, आणि ग्राहकाच्या टीव्हीवर तोच शालू भडक लाल होऊन बसतो. किमान १०० टक्के एसआरजीबी आणि ३०० निट्स उजेड असलेला आयपीएस पडदा घ्यावा. यूट्यूब आणि टीव्हीसाठी वापरल्या जाणाऱ्या रेक. ७०९ मानकाचे मूळ रंग एसआरजीबीचेच आहेत, त्यामुळे त्याहून विस्तृत रंगपट सर्वांना लागतोच असे नाही. ओलेड पडदा डोळ्यांना सुखावतो हे खरे. पण एडिटिंगमध्ये टाइमलाइन आणि टूलबार तासन्‌तास एकाच जागी स्थिर असतात, त्यांची पुसट छाप पडद्यावर कायम उमटण्याचा धोका असतो. तसे यंत्र घेतलेच तर टास्कबार आपोआप लपणारा ठेवावा आणि उजेड कमी राखावा.

पोर्ट, चार्जर आणि सेवा केंद्र

पूर्ण आकाराचा एसडी कार्ड स्लॉट आहे का, हे पाहून घ्यावे. नसेल तर चांगल्या कार्ड रीडरची किंमत हिशेबात धरावी. गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर चालताना ग्राफिक्सची वीज बरीच कमी करतो, त्यामुळे जड चार्जर सोबत वागवावाच लागतो. वॉरंटी ऑनसाइट आहे की यंत्र केंद्रात नेऊन द्यायचे आहे, हा प्रश्न पुण्या-मुंबईत गौण असेल, पण कणकवली किंवा गडचिरोलीतील व्यावसायिकासाठी तो प्रोसेसरइतकाच महत्त्वाचा आहे. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणीकृत व्यावसायिकाने बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावा, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट घेता येते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा अन्यत्र वापरलेले यंत्र घेत असल्यास, बायोसला (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) पासवर्ड नाही आणि मॅक आधीच्या मालकाच्या ॲपल खात्यातून किंवा एखाद्या कंपनीच्या व्यवस्थापनातून मोकळा झाला आहे, याची खात्री विक्रेत्यासमोरच करावी. कंपनीच्या नियंत्रणातला मॅक पुसून पुन्हा चालू केला तरी ते नियंत्रण परत उगवते. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये एसएसडीची प्रकृती कळते. विंडोजच्या बॅटरी अहवालात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. दुसरा आकडा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावात कापून घ्यावेत.

घरी आणल्यावरची चाचणी

नव्या यंत्राची परीक्षा परत करण्याची मुदत संपण्याआधी व्हायला हवी. चार्जर जोडून, आपल्याच फाइलची निदान अर्ध्या तासाची निर्यात लावावी आणि ‘एचडब्ल्यूइन्फो’ या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरचे तापमान आणि वेग पाहत राहावे. पहिली दोन मिनिटे प्रत्येक यंत्र वेगवान असते. विसाव्या मिनिटाला ते किती वेग टिकवते, यावरून त्याची लायकी कळते. तापमान ९० अंशांच्या आसपास जाणे आजच्या लॅपटॉपमध्ये असामान्य नाही. ते शंभराला टेकून वेग निम्म्यावर येत असेल तर यंत्र बदलून मागावे. याच वेळी कीबोर्ड, सर्व पोर्ट, पडद्यावरील मृत ठिपके आणि स्पीकर तपासून घ्यावेत.

टाइमलाइन तरीही अडखळत असेल तर लगेच यंत्राला दोष देऊ नये. प्रॉक्सी बनवाव्यात. प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे जुने यंत्रही त्या सहज चालवते. १०८०पी आणि २५ फ्रेमची प्रोरेस प्रॉक्सी तासाला साधारण १७ जीबी जागा घेते. रात्री प्रॉक्सी बनायला लावून सकाळी काम सुरू करावे, निर्यात आपोआप मूळ फाइलवरून होते. पन्नास हजारांची वाढीव खरेदी पुढे ढकलणारा याहून चांगला उपाय नाही, आणि आळसापोटी तोच सर्वांत कमी वापरला जातो.

उष्णता, पावसाळा आणि वीज

ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी भोवतालचे तापमान १० ते ३५ अंश असावे असे सांगते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा कूलर लावलेली खोलीही ही मर्यादा सहज ओलांडते. अशा दिवसांत लांब निर्यात पहाटे किंवा रात्री लावावी. यंत्राची मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवली की खालच्या झरोक्यांना हवा मिळते. गादी, सतरंजी किंवा मांडीवरची उशी ही ते झरोके बुजवण्याची हमखास साधने आहेत. कूलरचा ओलसर झोत थेट यंत्रावर येऊ देऊ नये.

पंख्यांत धूळ साचली की तापमान हळूहळू चढत जाते आणि एडिटरला वाटते की यंत्र म्हातारे झाले. वर्षातून एकदा, शक्यतो तुळशीच्या लग्नाआधी, म्हणजे लग्नसराई सुरू होण्यापूर्वी, खालचे झाकण उघडून सफाई करून घ्यावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, अन्यथा ते बेफाम फिरून पंखा बिघडू शकतो. थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांनी बदलावी. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये मात्र पेस्टऐवजी द्रवरूप धातू असतो, आणि तो बोर्डवर सांडल्यास शॉर्ट सर्किट होते, म्हणून असे यंत्र सराईत कारागिराखेरीज कोणाला उघडू देऊ नये.

कोकणात आणि गोव्यात धुळीपेक्षा दमट, खारट हवेचा त्रास मोठा. पावसाळ्यात यंत्र दिवसेंदिवस बंद ठेवू नये. रोज थोडा वेळ चालवल्याने आतली ओल सुकते. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. थंडगार एसीतून बाहेरच्या दमट हवेत आणल्यावर यंत्र लगेच चालू न करता अर्धा तास बॅगेतच राहू द्यावे.

विजेबाबत दोन बारकावे आहेत. धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर बहुधा भिंतीतील सॉकेटला अर्थिंग नसते. वायरमनला बोलावून ते दुरुस्त करून घ्यावे, तीन पिनांचे दोन पिनांत रूपांतर करणारे जोड वापरू नयेत. दुसरा बारकावा असा की लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्याने वीज गेली तरी तो चालत राहतो, पण वेगळ्या अडॅप्टरवर चालणारी साडेतीन इंची हार्ड डिस्क त्याच क्षणी बंद पडते आणि त्या वेळी लिहिली जाणारी फाइल बिघडते. अशी डिस्क यूपीएसवर किंवा साइन वेव्ह इन्व्हर्टरवर असावी.

बॅटरी

दिवसभर चार्जरवर चालणाऱ्या यंत्राची बॅटरी शंभर टक्के भरलेली आणि तापलेली राहिली की लवकर खालावते. लेनोव्हो, आसुस, डेल आणि एचपीच्या बहुतेक यंत्रांत कंपनीच्या ॲपमधून किंवा बायोसमधून चार्ज ८० टक्क्यांच्या आसपास थांबवण्याची सोय असते. ती चालू ठेवावी आणि बाहेर काम असेल त्या दिवशीच बंद करावी. टचपॅड वर उचलला गेला, झाकण नीट बसेनासे झाले किंवा तळ डुगडुगू लागला, तर बॅटरी फुगली आहे असे समजून यंत्र त्वरित बंद करावे. ती टोचू वा दाबू नये. काम कितीही तातडीचे असले तरी यात सवलत नाही.

सॉफ्टवेअरची निगा आणि बॅकअप

प्रीमियरची मीडिया कॅशे मुळात सी ड्राइव्हवर साचत राहते. तिची जागा बदलून ठरावीक दिवसांनंतर ती आपोआप पुसली जाईल अशी मांडणी करावी. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट बॅकअप चालू ठेवून त्यांचा फोल्डर वेगळ्या डिस्कवर द्यावा, कारण तिथे प्रोजेक्ट नेहमीच्या फाइलसारखे चित्रणाच्या फोल्डरमध्ये नसतात, डेटाबेसमध्ये असतात, आणि चित्रणाची प्रत घेतली म्हणजे प्रोजेक्टचीही घेतली असा समज घातक ठरतो. एनव्हिडियाचे ‘स्टुडिओ’ ड्रायव्हर घ्यावेत. काम अर्धवट असताना ड्रायव्हर, विंडोज किंवा एडिटिंग सॉफ्टवेअर यांपैकी काहीही अद्ययावत करू नये.

चित्रणाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम लहान स्टुडिओलाही परवडतो: एक प्रत कामाच्या एसएसडीवर, दुसरी हार्ड डिस्कवर आणि तिसरी भावाकडे किंवा भागीदाराच्या घरी असलेल्या डिस्कवर. दोन प्रती उघडून पाहिल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड फॉरमॅट करू नये. एसएसडी वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवण्यासाठी नसते. जुनी कामे हार्ड डिस्कवर ठेवावीत आणि सहा महिन्यांनी एकदा ती डिस्क जोडून पाहावी.

यंत्र विकताना किंवा बदलताना आधी ॲडोबी खात्यातून साइन आउट करावे आणि रिझॉल्व्ह स्टुडिओची नोंदणी त्या यंत्रावरून काढून घ्यावी, कारण दोन्हींचा परवाना एका वेळी दोनच संगणकांपुरता असतो. त्यानंतर मॅक असल्यास ‘फाइंड माय’ बंद करून, आणि विंडोज असल्यास ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडून संपूर्ण रीसेट करावे. ग्राहकांच्या घरातले खासगी चित्रण त्याच डिस्कवर होते, त्यामुळे नुसत्या फाइल डिलीट करून यंत्र दुसऱ्याच्या हाती देणे पुरेसे नाही.